पेटी-तबला दुरुस्तीचं दुकान ऑनलाइन नेलं: शिमग्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

आमचं दुकान दादर पश्चिमेला, गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत आहे. पेटी, तबला, पखवाज, ढोलकी यांची दुरुस्ती हे मुख्य काम, नव्या वाद्यांची विक्री थोडीफार. बाबा पेट्यांचे सूर लावतात, मी काउंटर आणि फोन सांभाळते. शिमगा झाल्यावर डोंबिवलीच्या एका ओळखीच्या मुलाला रीतसर फी देऊन सल्ला घेतला. तो लहान दुकानांच्याच वेबसाइट करतो. त्यानं सांगितलेलं बहुतेक सगळं दिवाळीपर्यंत वापरून पाहिलं. आता ओळखीचे दुकानदार ‘काय फायदा झाला?’ म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

आधीच सांगून टाकते. वेबसाइटनं आम्हाला नवं गिऱ्हाईक फारसं आणलं नाही. ते आणलं गूगल मॅपवरच्या नोंदीनं. वेबसाइट कामाला येते त्याच्या पुढच्या पायरीवर, नाव सापडल्यावर ‘आजोबांची पेटी यांच्या हातात द्यावी का?’ हे ठरवताना. पॅकेज विकायला येणारे हा फरक सांगत नाहीत. तो कळला की पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे ठरवणं सोपं जातं.

तर पहिलं काम गूगल बिझनेस प्रोफाइलचं, म्हणजे मॅपवरच्या त्या नोंदीचं. पूर्वी याला गूगल माय बिझनेस म्हणत, २०२१ च्या अखेरीस नाव बदललं. नोंद फुकट आहे. पडताळणीसाठी मोबाइलवर एक सलग व्हिडिओ काढून द्यावा लागला: आधी रस्ता, मग पाटी, मग आत शिरून टेबल, अवजारं, भिंतीला टांगलेल्या तबल्याच्या पुड्या (तोंडावर ताणून बसवायची कातडी). सगळ्यात जास्त परिणाम झाला तो प्रकार निवडण्याचा. आमची जुनी नोंद कुणीतरी ‘म्युझिक स्टोअर’ अशी करून ठेवली होती. मुख्य प्रकार ‘वाद्य दुरुस्तीचं दुकान’ असा केला, विक्री दुय्यम ठेवली. त्यानंतर गिटारच्या तारा आहेत का, म्हणून येणारे फोन कमी झाले आणि ‘भात्यातून हवा जातेय’ असं सांगणारे वाढले.

दुकानाच्या नावापुढे ‘बेस्ट हार्मोनियम रिपेअर इन मुंबई’ असली शेपटी लावायचा मोह अनेकांना होतो. गूगलच्या नियमात ते बसत नाही, पाटीवर आहे तेच नाव हवं, नाहीतर नोंद निलंबित होऊ शकते. आणि दादरचं दुकान बोरिवलीत शोधणाऱ्याला सर्वात वर दिसेल ही आशाही सोडून द्यायची. गूगल स्वतःच सांगतं की मॅपवरचा क्रम तीन गोष्टींवर ठरतो: शोधलेल्या गोष्टीशी दुकान किती जुळतं, किती अंतरावर आहे आणि किती नावाजलेलं आहे. अंतर आपल्या हातात नाही. पैसे भरूनही हा क्रम बदलता येत नाही. म्हणून ‘आम्ही गूगलकडून बोलतोय, तुमचं दुकान एक नंबरला आणून देतो, इतके भरा’ असा फोन आला की मी सरळ ठेवून देते. दुपारी दोन ते चार बाबा जेवून पडलेले असतात, नेमके तेव्हाच हे फोन येतात!

वेळा भरणं हे कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळू नका. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आम्ही रात्री उशिरापर्यंत उघडे असतो आणि गणपतीत दीड दिवस बंद. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला चतुर्थी होती, त्यासाठी खास वेळा आधीच टाकून ठेवल्या. विरारहून डग्गा घेऊन आलेल्या माणसाला कुलूप दिसलं, तर तो पुन्हा येत नाही, वर एक तारा देऊन जातो.

ताऱ्यांवरून आठवलं. सवलतीच्या बदल्यात अभिप्राय मागणं नियमाबाहेर आहे, तेव्हा ‘पाच तारे द्या, पन्नास रुपये कमी’ हा प्रकार आम्ही ठेवला नाही. काम घेऊन जाताना नुसतं सांगतो, ‘काय वाटलं ते लिहा.’ लोक लिहितात, पण काय दुरुस्त केलं तेच लिहीत नाहीत. ‘छान सर्व्हिस’ वाचून पुढच्या माणसाला काय कळणार? म्हणून मी उत्तरात कामाचा उल्लेख करते: ‘तुमच्या पेटीचा भाता बदलला, आता हवा धरून ठेवते ना?’ पुढे वाचणाऱ्याला त्यातून नेमकं कळतं की इथे काय काम होतं. एका गृहस्थांनी तक्रार लिहिली की पेटी तीन आठवडे अडकवून ठेवली. मी जुन्या रीडचा (पेटीत सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचा) सेट मिळायला का वेळ लागला ते शांतपणे लिहिलं. त्यांनी तारे वाढवले नाहीत, पण नंतर आलेल्या दोघांनी ‘ते उत्तर वाचून आलो’ असं सांगितलं.

आता वेबसाइट. सल्लागाराची पहिली अट होती, ‘ताई, डोमेन म्हणजे साइटचं नाव, ते तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच कार्डानं घ्यायचं. मला फक्त आत यायची परवानगी द्या.’ तेव्हा ही अट जास्तीची वाटली होती. नंतर आमच्या पलीकडच्या मिठाईवाल्या काकांची गोष्ट कळली. त्यांची साइट करून देणाऱ्यांनी डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं. नूतनीकरणाच्या वेळी भलताच आकडा मागितला आणि काकांकडे साधा पासवर्डही नव्हता. शेवटी त्यांनी नवं नाव घेतलं आणि पिशव्या पुन्हा छापल्या. डॉट इनचं डोमेन वर्षाला हजाराच्या आत मिळतं. पहिल्या वर्षीचा सवलतीचा दर बघून हुरळून जाऊ नका, दुसऱ्या वर्षीचा दर बघा. साइट सुरक्षित असल्याच्या (एसएसएल) सर्टिफिकेटचे कुणी वेगळे पैसे लावले, तर का ते विचारा, कारण लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा सेवेचं सर्टिफिकेट फुकट असतं आणि नीट जोडलं की आपोआप नव्यानं लागत राहतं. फुकटच्या पानावरही विसंबू नये. बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या छोट्या वेबसाइट गूगलनं मार्च २०२४ मध्ये बंद केल्या.

आमची साइट चार पानांची आहे, आणि त्यातलं सगळ्यात उपयोगी पान मला तरी आधी सुचलं नसतं: ‘पेटी घेऊन कसं यावं’. मुंबईत वाद्य आणणं हाच मोठा व्याप आहे. सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये पेटी घेऊन चढणं म्हणजे पेटीची दुरुस्ती वाढवून घेणं. रानडे रोडच्या गर्दीतून ती उचलून आणणं साठीच्या माणसाला जमत नाही. म्हणून त्या पानावर लिहिलंय की दुपारी बारा ते दोन या वेळात या, टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबवा आणि फोन करा, आमचा मुलगा खाली येऊन पेटी उचलेल. पेटीचा भाता कसा बांधावा, तबल्याची जोडी गादीसकट पिशवीत कशी ठेवावी, याचे फोटो आहेत. ‘पत्ता कुठे?’ विचारणारे फोन या पानानं निम्म्यावर आणले, हा माझा अंदाज आहे, मोजदाद केलेली नाही.

दर लिहायचे की नाही यावर बाबांशी वाद झाला. बाबा म्हणाले, ‘दर लिहिलास की समोरचा दहा रुपये कमी लिहील.’ मग पेटीच्या कामांचे किमान दर लिहिले, ‘पासून पुढे’ असे. परिणाम चांगला झाला. घासाघीस करणारे फोन कमी झाले आणि येणारा माणूस मनाची तयारी करूनच येऊ लागला. एका रीडला सूर देताना टोकाशी घासलं की सूर चढतो आणि मुळाशी घासलं की उतरतो, हे समजावणारा बाबांचा फोटोही त्या पानावर टाकला. सल्लागाराचं म्हणणं होतं की दराशेजारी काम दिसलं की दर महाग वाटत नाही. इथे तो बरोबर निघाला.

मराठी मजकुराबद्दल दोन गोष्टी, कारण इंग्रजी सल्ल्यांत त्या येत नाहीत. आमचं जुनं माहितीपत्रक डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं. ते तसंच साइटवर चिकटवलं तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात आणि शोधयंत्राला काहीच वाचता येत नाही. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या पद्धतीत, पुन्हा टाइप केलं. दुसरं, सुंदर मराठी अक्षरांत बनवलेलं चित्र म्हणजे मजकूर नव्हे. फोन नंबर, पत्ता, दर हे चित्रात कोंबले, तर नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही. लोक शोधतात मात्र बहुतेक रोमन अक्षरांत. म्हणून मराठी आणि इंग्रजी अशी वेगळी पानं ठेवली, एकाच पानात खिचडी केली नाही. गंमत म्हणजे दुकानाची पाटी मराठीत असणं सक्तीचं आहे, सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिने दिले होते, आणि गल्लीतली सगळी दुकानं पाटीवर मराठी झाली. वेबसाइटवर मात्र आमच्याशिवाय एकही नाही.

साइटचा वेग गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर फुकट तपासता येतो. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असं गूगलचं माप आहे. आमचे फोटो मोबाइलवरून थेट चढवले होते, प्रत्येकी चार-पाच एमबीचे. ते लहान करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात टाकल्यावर पान झटकन उघडू लागलं. दादर स्टेशनच्या पुलावर उभं राहून शोधणाऱ्यासाठी एवढं पुरे. सरकती चित्रं, चॅटबॉट, पडद्यावर पावसासारखी पडणारी स्वागताची अक्षरं, हे सगळं काढून टाकलं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसबद्दल फार लिहीत नाही, सगळे वापरतातच. आमच्या धंद्याला त्याचा खास फायदा असा, की गिऱ्हाईक पेटी वाजवून आवाज पाठवतं आणि बाबा ऐकून सांगतात, रीड सुटलीय की भाता गळतोय. पावसाळ्यात निम्मी कामं ‘दमटपणानं कातडं सैल पडलंय, आधी उबदार कोरड्या जागी ठेवून बघा’ यावर मिटतात, आणि फुकट सांगितलेला माणूस पुढच्या वेळी आमच्याकडेच येतो. साइटवरच्या बटणात आधीच ‘नमस्कार, माझ्याकडे … आहे, तक्रार …’ असं वाक्य भरून ठेवलंय, त्यामुळे नुसतं ‘हाय’ येत नाही. प्रसारण यादीबद्दल (ब्रॉडकास्ट लिस्ट) एक लक्षात ठेवा: एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश जातो. म्हणून पावतीवरच ‘नंबर सेव्ह करा’ छापलं. आषाढीच्या आधी भजनी मंडळांना एक आणि गणपतीच्या आधी आरतीवाल्यांना एक, एवढेच संदेश पाठवतो. रोज सुप्रभात पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात आणि योग्यच करतात.

पैसे देऊन केलेली जाहिरात आम्ही फक्त जुलै-ऑगस्टमध्ये चालवली, शोधातली, गूगल अ‍ॅड्सवर. इथे मात्र जाणकार माणूस बाजूला हवाच. सल्लागारानं सुरू करण्याआधी बसून तीन गोष्टी बदलल्या. ठिकाणाच्या पर्यायात मुळात ‘तिथे असलेले किंवा तिथल्या गोष्टींत रस असलेले’ दोन्ही निवडलेले असतात, ते ‘तिथे असलेले’ एवढंच ठेवलं, नाहीतर पुण्यात बसलेल्यालाही आमची जाहिरात दिसू शकते. डिस्प्ले नेटवर्कची (इतर साइट-अ‍ॅपवर जाहिरात दाखवण्याची) खूण काढली. आणि नको असलेल्या शब्दांची यादी दिली: क्लास, शिकणे, अ‍ॅप, नोटेशन, पीडीएफ, रिंगटोन, व्हर्च्युअल. पेटी शोधणारे बहुतेक लोक पेटी शिकायला निघालेले असतात, दुरुस्त करायला नव्हे. आठवड्याला एकदा ‘लोकांनी नेमकं काय टाइप केलं’ हा अहवाल बघून यादीत भर घालायची. बजेट करताना वर १८ टक्के जीएसटी धरा. गणपती आले तशी जाहिरात बंद केली. इतर महिन्यांत आमच्या कामाला तेवढी घाई नसते, लोक तोंडी विचारूनच येतात.

रील्स? बाबांचा सूर लावतानाचा एक व्हिडिओ खूप लोकांनी पाहिला, खाली नागपूर, कोलकाता, नैरोबीहून ‘प्राइस?’ असे प्रश्न आले. काम एकही आलं नाही. मजा म्हणून टाकत राहीन.

‘महिन्याला इतके द्या, तीन महिन्यांत पहिल्या पानावर’ अशी हमी देणाऱ्यांना दारातूनच नमस्कार करा. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलच सांगतं. त्याऐवजी महिन्यातून एकदा गूगल अ‍ॅनालिटिक्स (कोणत्या पानावर कुठून लोक येतात ते दाखवणारं साधन) उघडून बघा. आमच्या ‘पावसाळ्यात पेटी कशी जपावी’ या लेखावर सगळ्यात जास्त वाचक येतात, पण ते इंदूर-रायपूरचे. आकडा बघून बरं वाटतं, धंदा होत नाही. ‘पेटी घेऊन कसं यावं’ या पानाचे वाचक थोडे, पण त्यातले बरेच दुकानाच्या पायरीपर्यंत पोचतात. मी आता या दुसऱ्या पानाच्याच आकड्याकडे बघते.

पुढच्या वर्षी डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) नक्की चालू ठेवणार, जाहिरात पुन्हा जुलैतच. तबल्याचं पान अजून अर्धवट आहे. पुडीचा दर आकारावर असतो, सव्वापाच इंचीचा वेगळा, साडेपाचचा वेगळा, आणि कातड्याचा भाव दर खेपेला बदलतो. बाबा आकडा सांगायला तयार नाहीत. त्यामुळे तिथे सध्या ‘फोन करून विचारा, दुपारी दोन ते चार सोडून’ एवढंच लिहिलंय.