कोआ सांगून पाठवलेली प्लाय: कस्टम युकुलेलेच्या ऑर्डरमधली फसवणूक

ऑर्डर टेनर युकुलेलेची होती, म्हणजे गिटारच्या घाटाच्या छोट्या चारतारी वाद्याची. स्केल (तारेची वाजती लांबी) 17 इंच. टॉप, बॅक आणि साइड सॉलिड हवाईयन कोआच्या, म्हणजे अखंड लाकडाच्या, थर चिकटवलेल्या प्लायच्या नव्हे. मान महोगनीची, फ्रेटबोर्ड शिसवीचा, नट आणि सॅडल, म्हणजे तारा टेकतात त्या दोन पट्ट्या, हाडाचे. किंमत 62 हजार, निम्मे पैसे आगाऊ, उरलेले वाद्य पाठवण्याआधी. सगळा व्यवहार फोनवर आणि व्हॉट्सॲपवर. चार महिन्यांची मुदत अकरा महिन्यांवर गेली. शेवटी जे आलं ते दिसायला देखणं होतं, सुरातही लागत होतं. फक्त त्यात सॉलिड कोआचा एक तुकडा नव्हता. कारागिराचं नाव इथे देत नाही. ही पद्धत एकट्या माणसाची नाही, म्हणून पद्धतच लिहून ठेवलेली बरी.

कोआ हे बाभळीच्या कुळातलं झाड आहे आणि ते मूळचं फक्त हवाई बेटांवरचं. 1879 मध्ये रेवन्सक्रॅग जहाजातून मदेरा या पोर्तुगीज बेटावरून हवाईतल्या होनोलुलूला उतरलेल्या पोर्तुगीज मजुरांत मॅन्युएल नुनेससारखे सुतारकाम जाणणारे होते. त्यांनी आपल्याकडच्या माशेती या छोट्या तारवाद्याच्या धर्तीवर स्थानिक कोआत वाद्यं बनवायला घेतली आणि युकुलेले व कोआ ही जोडी तेव्हापासून जमली. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर अमेरिकेत युकुलेलेची लाट आली, तिकडचे कारखाने ‘हवाईयन’ म्हणून माल खपवू लागले आणि हवाईच्या कारागिरांना अस्सल मालावर ‘टाबू’ असा छाप मारायची वेळ आली. म्हणजे नकली हवाईपण विकण्याचा धंदा शंभर वर्षं जुना आहे.

आज कोआच्या जागी बहुतेक वेळा दोन गोष्टी येतात. एक ऑस्ट्रेलियन ब्लॅकवूड. ते कोआचं सख्खं भावंड म्हणावं इतकं जवळचं, आवाजालाही चांगलं. प्रामाणिक कारागीर ते त्याच नावाने विकतो. दुसरी आशियातली लागवडीची बाभूळ, तिला ‘एशियन कोआ’ असं गोंडस नाव मिळतं. या ऑर्डरच्या पावतीवर शब्द होते ‘कोआ फॅमिली, 5ए’. फॅमिली म्हटल्यावर सगळी बाभूळ आलीच. आणि 5ए, 4ए या लाकडातल्या लाटांच्या (चमकत्या नक्षीच्या) प्रती ठरवणारी कुठलीही संस्था नाही. विकणारा म्हणेल ती प्रत. पावतीवर ‘अकेशिया कोआ (हे कोआचं शास्त्रीय नाव), उगम हवाई, सॉलिड, टॉप-बॅक-साइड’ एवढं पूर्ण लिहून घ्यावं. ‘सॉलिड टॉप’ एवढंच लिहिलं असेल तर बॅक आणि साइड प्लायच्या आहेत असं समजून चालावं.

खरी चलाखी लाकूड निवडताना झाली. ग्राहकाला बॅकच्या फळ्यांच्या पाच जोड्यांचे फोटो आले. त्यातली एक निवडली, तिच्यावर मधल्या सांध्यापासून साधारण दोन सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना गडद पट्टा होता. तयार वाद्याच्या बॅकवर तो पट्टा नव्हता. खुलासा आला की रंधून पातळ करताना पट्टा निघून गेला. हे अर्धसत्य आहे, म्हणूनच पटतं. फळी चिरताना चार मिलिमीटरच्या आसपास असते, वाद्यात ती दोनपेक्षा थोडी कमी राहते. एवढ्याने रेषा एखाद-दोन मिलिमीटर सरकतात, लाटा थोड्या बदलतात. पण एकच फळी चिरून पुस्तकासारखी उघडली की डावी-उजवी बाजू आरशासारखी जुळते, ती जुळणी आणि रुंद पट्टे टिकून राहतात. नंतर तेच पाच फोटो परदेशातल्या एका लाकूडविक्रेत्याच्या जुन्या यादीत सापडले. गुगलवर फोटो उलटा शोधायला दोन मिनिटं लागतात. ती आगाऊ रक्कम देण्याआधी खर्च करावीत.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय पेन्सिल. जोडी निवडली की कारागिराला सांगायचं: दोन्ही फळ्यांच्या आतल्या बाजूला, मधोमध, तारीख आणि आपला एक शब्द लिहून फोटो पाठवा. टेनरसाठी अर्धी फळी साधारण 13 बाय 5 इंच लागते आणि कमरेच्या खळग्यातून दोन तुकडे उरतात. ते उरलेले तुकडे वाद्यासोबत मागायचे. तुकड्याच्या रेषा वाद्याच्या कडेशी जुळवून बघता येतात, शिवाय पुढे कधी तडा गेला तर दुरुस्तीला तेच लाकूड हाताशी राहतं. जो आपल्या हाताने फळ्या कापतो त्याला यात काहीच अवघड नाही. या कारागिराचं उत्तर होतं, ‘तुकडे जळणात जातात.’

प्लाय कशी ओळखली तेही सांगतो. नेहमी सांगतात की साउंडहोलची कड बघा, थर दिसतील. इथे कड काळ्या रंगाने रंगवलेली होती आणि बाहेरच्या कडांना बाइंडिंग, म्हणजे कड झाकणारी पट्टी, बसवलेलं. अशा वेळी बाहेरची एखादी ठळक खूण धरावी, गाठ किंवा काळी रेघ, मग मोबाईलची बॅटरी आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा घेऊन आतून तीच जागा बघावी. सॉलिड फळीत खूण आरपार दिसते, जागा फार तर किंचित सरकलेली. इथे बाहेर लाटांची कोआ आणि आत फिकट, सरळ रेषांचं भलतंच लाकूड. आत शिक्कामोर्तबासाठी सहीचं लेबल मात्र होतं, त्याखाली आधीच्या लेबलचा चिकटा. वाद्य तिरकं फिरवून चमक हलते का बघा, हा सल्लाही मिळतो. त्याने छापील नक्षी पकडता येते. खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा प्लायवर चिकटवलेला असेल तर चमक अगदी सॉलिडसारखीच हलते.

फ्रेटबोर्डचा निकाल सोपा होता. फ्रेटच्या टोकाजवळ कापसावर थिनरचा एक थेंब लावून घासलं, कापूस काळा झाला. रंगवलेला फ्रेटबोर्ड हा गुन्हा नाही, पण शिसवीचे पैसे घेऊन तो लावला तर आहे. हा प्रयोग बॉडीवर करू नये, लॅकर किंवा लाखेचं पॉलिश उतरेल. मानेत दोन-तीन तुकड्यांचे सांधे दिसले म्हणून घाबरू नका. टाच आणि डोकं जोडून घेणं ही चांगली, लाकूड वाचवणारी रीत आहे.

आणखी एक इशारा उशिरा लक्षात आला. दोन मिलिमीटरच्या आतली सॉलिड फळी हवेप्रमाणे फुगते-आकसते. पुण्याच्या पावसाळ्यात जुळवलेलं वाद्य मे महिन्यात नागपूरला गेलं तर तडकू शकतं, म्हणून चांगले कारागीर 45 ते 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीतच ब्रेसिंग, म्हणजे आतल्या आधाराच्या पट्ट्या, चिकटवतात. या माणसाला खोलीची आर्द्रता विचारली तेव्हा तो म्हणाला, ‘माझं वाद्य कुठेही तडकत नाही.’ प्लाय खरंच सहसा तडकत नाही. दमट-कोरड्या हवेत फिरणाऱ्यासाठी ती उत्तमच निवड आहे, फक्त प्लायच्या भावात.

मधेच 4,500 रुपये ‘सायटीस परवान्या’साठी मागितले गेले. सायटीस म्हणजे दुर्मीळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. कोआ सायटीसच्या यादीत नाहीच. शिसवीचं सगळं कुळ 2017 पासून दुसऱ्या परिशिष्टात आहे, पण तयार वाद्यांना 2019 च्या नोव्हेंबरपासून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूड तेवढं पहिल्या परिशिष्टात, कडक बंधनात. परवान्याचे पैसे मागणाऱ्याकडून परवान्याची प्रत मागावी. इथे प्रत आली नाही, 4,500 गेले.

पैसे तीन हप्त्यांत बांधावेत: लाकडाचा पेन्सिलवाला फोटो आल्यावर पहिला, टॉप-बॅक बंद करण्याआधी आतल्या ब्रेसिंगचा फोटो आल्यावर दुसरा, आणि शेवटचा व्हिडिओ कॉलवर आरसा-बॅटरीची तपासणी झाल्यावर. त्याच कॉलवर बाराव्या फ्रेटवर तार दाबून आणि तिथेच हार्मोनिक (बोट नुसतं टेकवून निघणारा सूर) काढून ट्यूनरवर ताडून घ्यावी; पाच सेंटपेक्षा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) जास्त फरक चारही तारांवर असेल तर ब्रिजची, म्हणजे टॉपवर तारा बांधतात त्या पट्टीची, जागाच चुकलेली असू शकते.

पैसे गेलेच असतील तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. माणूसच गायब झाला असेल तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करावा. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातून दोन वर्षांच्या आत दावा करता येतो. पुरावा म्हणून चॅट, पावती, फळ्यांचे फोटो आणि आतून काढलेले फोटो लागतात. म्हणून वाद्य परत मागितलं तरी ते फोटो काढल्याशिवाय कुरिअरच्या हाती देऊ नका.