विशारद की वडसा? गावात राहून गाण्यावर जगायचं ठरवताना

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरी दरवर्षी एखादा तरी बाप लेकराला घेऊन येतो. यंदा आलेल्याने पोरीला ओसरीत बसवलं, पाण्याचा गडवा खाली ठेवला आणि सरळच विचारलं, "पोरगी गाते चांगली, भाऊ. पण गाण्यावर पोट भरन का इचं?" पोरीने एक अभंग म्हटला. सूर स्वच्छ होता, तार षड्ज न ओरडता लागला, पण अंतऱ्यात ताल दोनदा पुढे पळाला. त्या दोघांशी जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितोय. हा प्रश्न विदर्भातल्या पुष्कळ घरांत विचारला जातो आणि उत्तर बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकलं जातं.

आधी माझं सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातलं कपाशीचं गाव. सुरुवात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या खंजेरी भजनात झाली, मग 9 वर्षं ऑर्केस्ट्रात गेली आणि त्यातलेच 2 हंगाम गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एका नाटक कंपनीत. तिशी ओलांडल्यावर विशारद ही शास्त्रीय गाण्याची परीक्षा केली, आता तालुक्याला शिकवतो. दोन्ही वाटा चाललोय, फक्त उलट्या क्रमाने. तो क्रम उलटा पडल्याचं जे नुकसान झालं, त्याच्यासाठीच हे लिहिणं आहे.

पहिली वाट शिक्षणाची. गुरूकडे बसायचं, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यायच्या, सोबत संगीत विषय घेऊन बीए, एमए करायचं आणि शिकवणं, मैफिली, आकाशवाणी यांवर उभं राहायचं. दुसरी वाट मंचाची. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातली नाटकं, ऑर्केस्ट्रा, जयंतीचे कार्यक्रम, सप्ताह. या दोन्हींमध्ये कोण मोठं आणि कोण खालचं, हा वाद मी घालणार नाही. गावातल्या माणसाने चार गोष्टी पाहाव्यात: पैसा कधी येतो, शेतीशी मेळ बसतो का, गळा किती टिकतो आणि घर सोबत राहतं का.

पैसा कधी येतो

प्रारंभिक, प्रवेशिकेच्या दोन, मध्यमेच्या दोन, विशारदच्या दोन अशा 7 परीक्षा. वर्षाला एक धरली तर 7 वर्षं. बाराव्या वर्षी सुरू केलेलं पोर एकोणिसाव्या वर्षी विशारद होतं, अठराव्या वर्षी सुरू केलेलं पंचविसाव्या. त्यापुढे अलंकार. मधल्या काळात मिळकत नाही, उलट शिकवणीची फी, तालुक्याच्या एसटीचं भाडं आणि पेटी घ्यायचे पैसे घरातून जातात. आणि विशारद म्हणजे सरसकट पदवी असं धरून चालू नका. नोकरीच्या जाहिरातीत नेमकी कोणती पात्रता मागितली आहे ते शब्दन्‌शब्द वाचा. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर एमए आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, तिथे एकटं विशारद कामाला येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत संगीत शिक्षकाची कायम जागा दिसली तर ती दुर्मिळ समजा.

मंचावर मात्र पहिल्या हंगामातच पाकीट हातात पडतं. मला पहिल्या कार्यक्रमाचे 300 रुपये मिळाले होते आणि आईने ते देवाजवळ ठेवले होते. तो आनंद खरा होता, त्याला कमी लेखू नका. पण हंगाम संपला की पाकीट थांबतं. पावसाळ्याचे चार महिने काय खाणार, हे आधी लिहून काढा. शिकवणीची फी थोडी असते, पण आषाढातही येते.

शिक्षणाच्या वाटेवर थोडा आधार सरकारकडूनही मिळू शकतो. सीसीआरटी या केंद्राच्या सांस्कृतिक संस्थेची शिष्यवृत्ती 10 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि 18 ते 25 वयाच्या तरुण कलाकारांना केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची दरमहा 5000 रुपयांची शिष्यवृत्ती 2 वर्षं मिळते. निवड कठीण असते, तरी अर्ज भरायला काय जातं? गावातल्या मास्तरांनाच याची माहिती नसते, म्हणून पोरं वय उलटून जाईपर्यंत थांबतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेतीचा मेळ

याविषयी फार कमी बोललं जातं आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त अडतं ते इथेच. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचा धानपट्टा. धान निघालं की बांध्या मोकळ्या होतात, दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि नाटकं सुरू होतात ती थेट होळीच्या आसपासपर्यंत. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, कंपन्यांची ऑफिसं लागतात आणि गावोगावची मंडळं येऊन प्रयोग ठरवून जातात. तिथल्या धान उत्पादकाच्या पोराला हा हंगाम अगदी बरोबर बसतो.

आमच्या कपाशीवाल्याला नाही बसत. वेचणी दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत चालते. माझ्या पहिल्या हंगामात मी वडशाला होतो आणि घरी आई-बाबा दोघेच वेचत होते. मजूर मिळाले नाहीत, अवकाळी पाऊस आला, बोंडं झाडावरच भिजली. मिळालेल्या पैशातून ते नुकसान भरून निघालं नाही. म्हणून यवतमाळ, अमरावती, वर्ध्याकडच्या पोरांनी लग्नसराई, चैत्रातले सप्ताह आणि 14 एप्रिलच्या जयंतीचे कार्यक्रम यांवर भर द्यावा. तेव्हा रान मोकळं असतं. भीमगीतांना तर आपल्या भागात इतकी मागणी आहे की चांगल्या गायकाला एप्रिलभर घरी बसायला सवड मिळत नाही. शिक्षणाच्या वाटेला हा प्रश्न फारसा येत नाही. आठवड्याचे दोन दिवस शिकवणी आणि रोज पहाटेचा रियाज, तो वेचणीच्या दिवसांतही होतो.

गळा

आता एक रात्र जवळून दाखवतो. जानेवारी महिना, चिमूरकडचं गाव, पहाटेचे तीन वाजून गेलेले. प्रेक्षक बांधीत तणसावर बसलेले, अंगावर घोंगड्या, दव इतकं की पडदा ओला. नाटक रात्री दहा-साडेदहाला सुरू झालं होतं आणि उजाडेपर्यंत चालणार होतं. मागच्या कनातीत आमची मुख्य गायिका थर्मासमधलं गरम पाणी एकेक घोट घेत होती. तिचा आवाज दुसऱ्या अंकातच बसला होता. ऑर्गनवाल्याने तिला न विचारता पट्टी अर्ध्या स्वराने खाली घेतली, तिने फक्त मान हलवली आणि प्रवेशाला गेली. लोकांनी वन्समोअर दिला. ती परत तेच गाणं तेवढ्याच ताकदीने गायली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बोलता येत नव्हतं आणि संध्याकाळी पुढचा प्रयोग होता.

त्या रात्री मी जे शिकलो ते कुठल्याही क्लासात शिकलो नसतो. पाच हजार लोक अंधारात बसलेत आणि गाणं त्यांच्यापर्यंत पोचतंय की नाही, हे गाताना कळायला लागतं. झाडीपट्टीने हे दीडशे वर्षांपासून जपलंय, आणि या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सगळ्यांनाच आपला सन्मान झाल्यासारखं वाटलं.

पण गळा हे कातडं आहे, लोखंड नाही. श्वास पोटातून घ्यायला शिकण्याआधी सलग रात्री ताणला तर स्वरतंतूंवर गाठी येतात. मला आल्या. डॉक्टरांनी महिनाभर बोलणंही बंद केलं होतं. पुढे गुरुजींनी पहिले सहा महिने फक्त खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज दिला, पहाटे, कमी आवाजात, तंबोऱ्याच्या ॲपवर. तेव्हा कळलं की हे आधी झालं असतं तर 9 वर्षांत निम्मी ताकदही लागली नसती. मुलांच्या बाबतीत आणखी एक: तेराव्या ते पंधराव्या वर्षाच्या सुमारास आवाज फुटतो, त्या काळात मंचावर अजिबात ढकलू नका. आणि ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला मूळ गाण्याच्याच पट्टीचा हट्ट धरत असेल, तर स्वतःची पट्टी ठामपणे सांगायची. तुमची काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी) आहे तर काळी चारच.

या बाबतीत माझं मत स्वच्छ आहे. शिक्षणाची वाट पुढे आहे, आणि फार पुढे आहे.

घर

मुलगी असेल तर आईचा पहिला प्रश्न ठरलेला: "रातच्याले पोरगी बाहीर राहीन, लोक काय म्हणतीन?" लोकांचं सोडा, पण सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे. कंपनीसोबत जायचं तर गाडी कोणाची, मुक्काम कुठे, सोबत बाया किती, आणि पैसे प्रयोगाच्या रात्री मिळणार की हंगामाच्या शेवटी, हे आधी लेखी घ्या. चांगल्या कंपन्या हे सांगायला लाजत नाहीत. शिकवणीच्या वाटेवर घरचे लवकर तयार होतात, पण सहाव्या वर्षी तेच घरचे "झालं का शिकून?" म्हणून विचारतात. तो दबावही कमी नसतो.

बाकीच्या वाटा

टीव्हीवरच्या स्पर्धा. वैशाली माडे अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातून गेल्या, मराठी आणि 2009 मध्ये हिंदी सा रे ग म पही जिंकल्या. खेड्यातल्या प्रत्येक मुलीला त्यांचं नाव सांगावं. पण ऑडिशनला हजारो पोरं येतात आणि निवड आपल्या हातात नसते. जरूर जा, पण ती तारीख धरून शिक्षण थांबवू नका.

गझल. सुरेश भटांच्या अमरावतीची ही आपली ठेव आहे, आणि त्याच जिल्ह्यातल्या आष्टगावच्या भीमराव पांचाळे यांनी मराठी गझल गायनावर आयुष्य उभं केलं. शब्दांवर प्रेम असणाऱ्यांनी हा विचार जरूर करावा. पाया मात्र शास्त्रीयच लागतो.

सप्ताहातलं गायन. बुलढाणा, अकोला, वाशिमकडे सप्ताहांची रेलचेल असते आणि गायनाचार्यांना बिदागी मिळते. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था 1917 पासून मुलांना शिकवते, तिथला अभ्यासक्रम 4 वर्षांचा आहे. आवाजासोबत पाठांतर आणि आचरण पाळायची तयारी असेल, त्यानेच तिकडे वळावं.

यूट्यूबवर जाहिरातीचं उत्पन्न सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तासांचं पाहणं लागतं. दुसऱ्याचं गाणं गायलात तर ते उत्पन्नही बहुधा गाण्याच्या मालकाकडे जातं. ओळख व्हायला ठीक.

अल्बमबद्दल हात जोडून सांगतो. एका शहरातल्या स्टुडिओवाल्याने "नाव करून देतो" म्हणून माझ्याकडून 40 हजार घेतले. वडिलांनी त्यासाठी बैलजोडी विकली होती. दोनशे सीडी मिळाल्या, त्यातल्या अजून दीडशे कपाटात आहेत. गाण्यासाठी पैसे देणाऱ्याकडे जा, गाण्यासाठी पैसे मागणाऱ्याकडे फक्त शिकायला जा.

मग कोणी काय धरावं

वय पंधराच्या आत आहे, घरात दोन वेळचं नीट आहे, तर डोळे मिटून शिक्षण. गोंदियाकडच्या पोरांना तर छत्तीसगडमधल्या खैरागडचं इंदिरा कला संगीत विद्यापीठ नागपूरपेक्षाही जवळचं आहे. डोंगरगडपर्यंत रेल्वे, पुढे रस्त्याने. 1956 पासून ते फक्त कलांसाठी चालतंय आणि तरी आपल्याकडची पोरं तिथे फार कमी जातात.

वय अठरा-वीस आहे आणि घराला आजच पैसा हवा आहे, तर मंच. पण आठवड्यातून एकदा का होईना गुरूसमोर बसायचंच, आणि महिन्याला ठरावीक रात्रींपेक्षा जास्त गायचं नाही. सोबत आकाशवाणीची स्वरचाचणी द्या. नागपूर केंद्र 1948 पासूनचं आहे, सुगम आणि लोकसंगीतालाही श्रेणी मिळते, आणि बी हाय श्रेणीचा कागद कार्यक्रम ठरवताना बोलण्यात वजन आणतो.

शेतीही करायची, गाणंही सोडायचं नाही, असं ज्यांचं आहे त्यांनी खंजेरी मंडळ सोडू नये. तुकडोजी महाराजांनी गावाच्या हातात जे वाद्य दिलं, त्याच्याइतका ताल दुसरं काही पक्का करत नाही, आणि त्याला फीसुद्धा नाही.

त्या दिवशी आलेली पोरगी सध्या मंगळवारी आणि शुक्रवारी शिकायला येते. तीन महिने फक्त भूप राग, हाताने तीनताल देत. शनिवारी गावच्या मंडळात खंजेरीवर बसते, तिथे अंतऱ्यातलं पळणं पुष्कळ कमी झालंय. संगीत घेऊन बीएला प्रवेशही घेतलाय. मंडईच्या दिवसांत ती बापासोबत वडशाला जाऊन दोन नाटकं विंगेतून पाहणार आहे, पहाटेपर्यंत थांबून, आणि मंचाचं काय करायचं ते त्यानंतर ठरवू असं आम्ही तिघांनी ठरवलंय. बापाने वेचणीतले ते दोन दिवस आतापासूनच मोकळे ठेवलेत.