'सेंट अँगर' आधी का 'डेथ मॅग्नेटिक'?

लातूरच्या होस्टेलवरनं पुतण्या विचारतोय, मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचे जुने अल्बम झाले, आता २००३ चा 'सेंट अँगर' ऐकू का २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक'?

लांबीत फरक नाही, दोन्ही सव्वा तासाचे. गोम आवाजात आहे. 'सेंट अँगर'मध्ये ड्रमर लार्स उलरिखनं स्नेअर ड्रमच्या खालच्या, खर्र आवाज आणणाऱ्या तारा सोडून ठेवल्या, म्हणून प्रत्येक ठोका रिकाम्या डब्यावर पडल्यागत टणटणतो. डोकं उठतं, राव! पण गायक जेम्स हेटफिल्ड काम मधेच थांबवून व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन आला होता, हे माहीत असलं की तो कच्चेपणा खरा वाटायला लागतो. चाहते आता या अल्बमला जरा मऊ झालेत ते यामुळंच असावं.

'डेथ मॅग्नेटिक'चे ड्रम नीट आहेत, पण आवाज इतका चढवलाय की फाटतो. 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममधली त्याची आवृत्ती जास्त मोकळी वाजते. एसटीच्या खडखडाटात मात्र काही कळत नाही म्हणा.

गिटारचे सोलो? पहिल्यात एकही नाही, दुसऱ्यात गिटारिस्ट कर्क हॅमेट सुटलाय.

तुला जुनी मेटॅलिकाच हवी असेल तर 'डेथ मॅग्नेटिक' लाव. पेपर अवघड गेला, कुणावर तरी खेकसावंसं वाटतंय, तेव्हा 'सेंट अँगर'. तोही अर्धाच.