वाळू साफ करायला हॉर्सशू क्रॅब आणावा की दुसरं कोणी?

रीफ टँकची, म्हणजे घरात कोरल आणि समुद्री मासे ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची, वाळू काही दिवसांत तपकिरी पडते, तिच्यावर गाळ बसतो आणि मग वाळू हलवणाऱ्या एखाद्या प्राण्याचा शोध सुरू होतो. दुकानात अशा वेळी तळहातावर मावेल एवढा हॉर्सशू क्रॅब (ढालीसारखं कवच आणि लांब शेपटी असलेला समुद्री प्राणी) हमखास पुढे केला जातो. दिसायला विलक्षण, स्वभावाने गरीब, माशांच्या वाटेला न जाणारा. ‘सारखी वाळू उकरतो’ असं सांगतात आणि ते खरंही आहे. तो कशासाठी उकरतो, एवढंच सांगायचं राहतं.

तो उकरतो ते पोटासाठी. हा खरा खेकडा नाहीच, कोळी-विंचवांच्या गोतावळ्यातला आहे. वाळूतले किडे, छोटे शिंपले पायांनी टिपायचे, पायांच्या मुळांशी असलेल्या काट्यांनी भरडायचे आणि पायांच्या मधोमध असलेल्या तोंडात सारायचे, हा त्याचा उद्योग. वाळूवरचा तपकिरी थर तो खात नाही. उलट, गाळ खाऊन वाळू जिवंत ठेवणारे बारीक जीवच तो फस्त करतो. घरगुती टँकमधला हा साठा लवकर संपतो आणि मग त्याची उपासमार सुरू होते. पण तो चिवट असल्यामुळे उपाशीपोटीही बराच काळ फिरत राहतो आणि मालकाला वाटतं, मस्त चाललंय.

दुसरा मुद्दा आकाराचा. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या जातीची, म्हणजे लिम्युलस पॉलिफेमसची, मादी शेपटीसकट ६० सेंटिमीटरपर्यंत जाते. दर वेळी कात टाकताना तो साधारण पावपटीने वाढतो. आग्नेय आशियातली खारफुटीत राहणारी जात सगळ्यात लहान, पण तीही शेपटी धरून फूटभर होते. दुकानदाराला जात ठाऊक असेलच असं नाही. शेपटी पाहावी: खारफुटीवाल्याची गोलसर असते, बाकीच्यांची त्रिकोणी. खात्री नसेल तर मोठीच जात आहे असं धरून चाला. असा प्राणी रात्री कोरलच्या फटींतून ढाल रेटत निघाला, की वाळूवर ठेवलेले फ्रॅग, म्हणजे लावलेले कोरलचे छोटे तुकडे, उलटे पडलेच म्हणून समजा.

आता त्याच कामाचे बाकीचे उमेदवार. अडचण उरलेल्या खाण्याची असेल तर नॅसेरियस गोगलगायींना तोड नाही. एरवी वाळूत बुडून फक्त सोंड वर काढून बसतात, खाण्याचा वास आला की भराभर बाहेर येतात. कोरलला धक्का नाही, आकार जेमतेम बोटाच्या पेराएवढा. मात्र याच नावाखाली कधी कधी थंड पाण्यातली एक काळपट गोगलगाय खपवली जाते. ती उबदार टँकमध्ये टिकत नाही. तपकिरी थर आणि शैवाल ही तक्रार असेल तर काँच (conch) शंख, म्हणजे शंखातली मोठी समुद्री गोगलगाय, घ्या. तो वाळूचा वरचा थर अक्षरशः चरत जातो. त्याला मोकळी वाळू लागते, म्हणून छोट्या टँकला एकच पुरे. दोन्ही एकत्र ठेवले तर बहुतेकांची गरज इथेच भागते, आणि माझं मत सरळसरळ याच जोडीला आहे.

डायमंड गोबी ही मासळी वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळते, तळ पांढराशुभ्र करते. पण तीच वाळू खालच्या कोरलवर ओतते, टँकला झाकण नसेल तर उडी मारते आणि वेगळं खाणं घातलं नाही तर रोडावते. समुद्रकाकडी गाळ खाण्यात खरी पटाईत, पण पंपात अडकली किंवा घाबरली तर विष सोडते आणि त्यात मासे मरू शकतात. वाळू उकरणारा तारामासा मात्र हॉर्सशू क्रॅबचाच भाऊ म्हणायचा: तेच वाळूतले जीव खाणार, तसाच उपाशी मरणार.

एवढं वाचूनही काहींचं मन हॉर्सशू क्रॅबवरच असेल. त्यात काही गैर नाही. निळ्या रक्ताचा, ४४ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत ज्याचे पूर्वज सापडतात असा प्राणी घरी असावा हा मोह मला कळतो. पण मग सफाई विसरा, त्याच्यासाठीच टँक मांडा. उंचीपेक्षा तळ ऐसपैस हवा. बारीक वाळूचा थर चांगला जाड, दगड मोजके, कोरल नाहीच. कडक, टोकदार भुगा नको, पोटाखालचे पुस्तकाच्या पानांसारखे कल्ले नाजूक असतात. ट्रिगर किंवा पफरसारखे टोचे मारणारे मासे सोबत नकोत. तांबं असलेलं औषध त्या पाण्यात कधीच नको. कोळंबी, शिंपल्याचं मांस, स्क्विड यांचे तुकडे त्याच्या पुढ्यात नेऊन द्यावे लागतात. घेतले नाहीत तर ढालीच्या कडेने धरून हलकेच उलटं करून पायांत द्यायचे. शेपटीला धरून उचलायचं नाही, ती उलटं पडल्यावर सरळ व्हायला लागते. लिम्युलस २० वर्षांच्या आसपास जगू शकतो, म्हणजे हा व्याप किती काळाचा ते बघा.

विक्रीला येणारे बहुतेक समुद्रातून पकडलेले असतात. जपान-चीनकडच्या तीन काट्यांच्या जातीला २०१९ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने धोक्यातली ठरवलं, आणि अनेक ठिकाणी हा प्राणी पकडणं-पाळणं कायद्यात बसत नाही. घेण्याआधी आपल्या भागातला नियम पाहिलेला बरा.

आधीच आणला असेल तर समुद्रात सोडू नका, टँकमधले रोग सोबत जातात. मोठा वाळूचा टँक असलेल्या मत्स्यालयाला किंवा छंदिष्टाला विचारा. तोवर रोज कुठे आहे ते पाहत जा, कारण वाळूत मेला तर अमोनिया चढून इतरांवर बेतते. निपचित दिसला तर उचलून ढालीची पुढची कड तपासा. कड फाटलेली आणि आत पोकळ असेल तर ती फक्त कात आहे. प्राणी तिथेच कुठेतरी मऊ अंगाने वाळूत असणार, त्याला दोन-चार दिवस हात लावू नका.