बीएस्सी: बायोकेमिस्ट्री घ्यावं की बायोटेक?

नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडकडं घरोघरी हाच विषय निघतो. नंबर लागला नाही, मग बीएस्सी कशात करायची?

बायोटेकचं नाव मोठं वाटतं आणि त्यात विषयही भरपूर आहेत: जीन क्लोनिंग, टिश्यू कल्चर, फर्मेंटेशन. पण पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारं), लॅमिनार फ्लो (जंतुविरहित हवेत काम करायचं कपाट) आणि अखंड वीज नसेल, तर यातलं बरंचसं फळ्यावरच शिकावं लागतं. म्हणून प्रवेशाआधी लॅब डोळ्यांनी बघून या.

बायोकेमिस्ट्रीचा पाया रसायनशास्त्राचा. साखर ओळखायचं बेनेडिक्टचं निळं द्रावण ग्लुकोजसोबत उकळत्या पाण्यात धरलं, की आधी हिरवट, मग पिवळं, शेवटी विटकरी होतं. बायुरेट पद्धतीनं प्रथिनं मोजताना 540 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर रीडिंग घेऊन आलेख काढायचा. साध्या लॅबमध्येही हात तयार होतो, हे मला फार मोलाचं वाटतं. अडचण गणिताची. बारावीला गणित सोडलेली मुलं बफरच्या (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाच्या) लॉगॅरिदमपाशी आणि एन्झाइम कायनेटिक्सपाशी (एन्झाइमच्या क्रियेच्या वेगाच्या गणितापाशी) अडतात. पहिल्या सेमिस्टरलाच लॉग पक्के करा.

क्रेडिटचा हिशोब दोन्हीकडं सारखाच: तीन वर्षांच्या पदवीला किमान 120, चार वर्षांच्या ऑनर्सला 160. आयआयटी जॅमला (एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेला) बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आहे, बायोकेमिस्ट्रीचा वेगळा नाही. पण त्या पेपरात बायोकेमिस्ट्री येतेच.

रसायनशास्त्राची गोडी असेल तर मी बायोकेमिस्ट्रीच सुचवेन. बायोटेक घ्यायचंच असेल, तर सुसज्ज लॅबचं कॉलेज मिळालं तरच.