त्स्वाना शिकवणारं अॅप: गाबोरोनेत आठ महिने वापरून

कंपनीने बोट्स्वानाला पाठवायचं ठरवलं, तेव्हा विमानात बसायच्या आधीच तिथली भाषा, त्स्वाना, शिकवणाऱ्या या अॅपचे वर्षभराचे पैसे भरून टाकले होते. घाई केली. नमस्कार म्हणून पुरुषाला 'दुमेला रा', बाईला 'दुमेला म्मा' एवढं तोंडात बसवायला ते चांगलं आहे. सकाळचं 'ओ त्सोखिले जांग?' म्हणजे कसे उठलात, हेही पाठ झालं.

पण उच्चारांत घोळ आहे. इथे लिहिलेला 'ग' घसा खरवडून 'ख'सारखा काढतात. राजधानीलाही लोक खाबोरोनेच म्हणतात. अॅपमधला यांत्रिक आवाज मात्र सरळ ग म्हणतो. महिनाभर मी 'के अ लेबोगा' असे आभार मानत होतो. शेवटी भाजीवाल्या म्मांनी टोमॅटो पिशवीत टाकता टाकता 'लेबोखा, लेबोखा' असं दोनदा घोकून घेतलं.

खरी चीड अहो-जाहोची आली. 'ओ काए?' म्हणजे कसा आहेस, शब्दशः 'कुठे आहेस?', आणि उत्तर 'के तेंग', आहे इथेच. मोठ्या माणसाला, तो एकटा असला तरी, 'ले काए?' म्हणायचं. आपल्यासारखंच आदरार्थी अनेकवचन! मराठी माणसाला हे एका ओळीत कळलं असतं. अॅपने दिलं फक्त एकवचन, आणि मी इमारतीच्या साठी उलटलेल्या वॉचमनना तीन महिने अरे-तुरे करत राहिलो. ते बिचारे काही बोलले नाहीत. ऑफिसातल्या मुलीने ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

दुकानात शिरल्या शिरल्या 'दूध आहे का?' विचारायचं नाही, आधी दुमेला. कॉम्बीत, म्हणजे प्रवासी मिनीबसमध्ये, चढताना सगळ्यांना मिळून 'दुमेलांग'. पैसे उजव्या हाताने द्यायचे, डावा हात उजव्या कोपराला लावून. यातलं अॅपमध्ये काहीही नाही, सगळं वॉचमन आणि भाजीवाल्या म्मांकडून फुकट मिळालं. पुढच्या वर्षाचे पैसे भरणार नाही.

एक सावधगिरी. निघणारा माणूस मागे राहणाऱ्याला 'साला सेन्त्ले' म्हणतो, म्हणजे नीट राहा. परवा आई व्हिडिओ कॉलवर असतानाच घरमालकीणबाईंना मी हसत हसत ते म्हणालो. आई म्हणाली, "अरे, भाडं वाढवलं का त्यांनी?"