मॅस्टोडॉनचा सात-आठ महिन्यांचा अनुभव: मजकूर कोणाचा आणि तो कोणाला दिसतो

मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर मी गेले सात-आठ महिने नियमितपणे लिहीत आहे. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा), सतीशिळा, गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या शिळा) आणि गावोगावच्या देवळांबाहेर उघड्यावर पडलेले शिलालेख यांची छायाचित्रे व टिपणे हा माझा मजकूर. त्यामुळे तो कोणाचा आणि तो कोणाला दिसतो, हे दोन प्रश्न मला सतत पडत असतात आणि या अनुभवाकडेही मी त्यांच्याच अंगाने पाहणार आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे बऱ्यापैकी समाधानकारक मिळते. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र हे माध्यम खासगीपणा जपते असे जे कौतुक होते, ते मला पटलेले नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. फेसबुकवर टाकलेले छायाचित्र फेसबुकच्या मालकीचे होते, असे अनेक जण सांगतात. ते खरे नाही. मालकी वापरकर्त्याकडेच राहते, असे तेथील अटींतच लिहिलेले आहे आणि आपल्या प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसारही छायाचित्राचा पहिला मालक सर्वसाधारणपणे ते काढणाराच असतो. हे संरक्षण त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. खरी मेख परवान्यात आहे. छायाचित्र चढवताच आपण कंपनीला जगभर लागू असलेला, विनामोबदला, इतरांकडे हस्तांतरित करता येणारा आणि पुढे उपपरवाना देता येणारा असा अधिकार देतो, आणि त्यात मजकुरात बदल करण्याची व त्यावरून नवी कृती तयार करण्याची मुभाही येते. छायाचित्र काढून टाकले की परवाना संपतो खरा, पण त्याच अटींनुसार इतरांनी ते वापरले असेल आणि त्यांनी ते काढले नसेल, तर ते तेथे राहू शकते. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकने खाते बंद केल्यावरही परवाना चालू ठेवणारा बदल करून पाहिला होता. वापरकर्त्यांनी आरडाओरड केल्यावर तो काही दिवसांतच मागे घेतला गेला. अलीकडे याच सार्वजनिक मजकुरावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रशिक्षण होऊ लागले आहे. युरोपातील वापरकर्त्यांना त्यावर आक्षेप नोंदवण्याची सोय मिळाली, ती तेथील कायद्याच्या धाकामुळे.

या पार्श्वभूमीवर मॅस्टोडॉनची रचना वेगळी आहे. ऑयगेन रोखको या जर्मन प्रोग्रॅमरने २०१६ मध्ये ते सुरू केले. येथे एकच कंपनी आणि एकच सर्व्हर (खाती व मजकूर साठवणारा संगणक) नाही. संस्था, मित्रमंडळी किंवा एखादी व्यक्ती आपापला सर्व्हर चालवते आणि हे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या मानकाद्वारे एकमेकांशी बोलतात. भारतात त्याचे नाव झाले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये, ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आल्यावर. तेव्हा आलेल्यांपैकी बरेच जण लवकरच परतले, आणि आजही मराठी लिहिणारे येथे इतके थोडे भेटतात की एखाद्या वीरगळाच्या वाचनावर चर्चा व्हावी अशी अपेक्षा धरली, तर बराच काळ वाट पाहावी लागते.

मालकीच्या दृष्टीने मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट म्हणजे बाहेर पडण्याची वाट. दर सात दिवसांनी एकदा आपल्या सर्व नोंदी आणि छायाचित्रे यांची संग्रह-फाइल मागवता येते. आपण ज्यांना अनुसरतो त्यांची यादी, अडवलेल्या खात्यांची यादी, खुणा करून ठेवलेल्या नोंदी हे सगळे वेगळे उतरवून घेता येते. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जायचे झाल्यास अनुसरणारेही आपल्यासोबत येतात. मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवरूनही माहिती उतरवून घेता येते, परंतु ती घेऊन जायचे कोठे, हा प्रश्न तेथे सुटत नाही. तरीही एक मोठी उणीव सांगायलाच हवी: स्थलांतरात जुन्या नोंदी सोबत येत नाहीत. त्या जुन्या सर्व्हरवरच राहतात. ज्याचे काम म्हणजेच नोंदींचा साठा आहे, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे, आणि म्हणून मूळ छायाचित्रे व टिपणे स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवून येथे फक्त त्यांची प्रत टाकण्याची शिस्त मी पहिल्यापासून पाळली आहे.

आता खासगीपणा. येथे जाहिराती नाहीत, आपण काय पाहतो यावरून आपली कुंडली मांडणारे यंत्र नाही, नोंदी काळाच्या क्रमाने दिसतात, आणि २०२३ च्या ४.२ या आवृत्तीपासून आपला मजकूर शोधात यावा की नाही, हे आपण ठरवू शकतो. हे सगळे खरे आहे. पण एवढ्यावरून येथे गुप्तता आहे असे मानणे धोक्याचे ठरेल. नोंद टाकताना ती सर्वांना, फक्त अनुसरणाऱ्यांना की फक्त उल्लेखिलेल्या व्यक्तींना दिसावी, असे पर्याय मिळतात; त्यांतला शेवटचा पर्याय दिसायला खासगी संदेशासारखा असला, तरी तो व्हॉट्सॲपच्या संदेशाप्रमाणे टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतो. आपला आणि समोरच्याचा सर्व्हर चालवणारी माणसे तो तांत्रिकदृष्ट्या वाचू शकतात. मॅस्टोडॉनसोबत येणाऱ्या गोपनीयता धोरणाच्या नमुन्यातच संवेदनशील माहिती येथे देऊ नका, असे स्पष्ट बजावले आहे. हा प्रामाणिकपणा मला भावला, पण ते धोरण उघडून वाचतो कोण? मे २०२३ मध्ये अमेरिकेत कोलेक्टिव्हा या सर्व्हरच्या एका चालकाच्या घरावर भलत्याच प्रकरणात एफबीआयचा छापा पडला आणि जप्त झालेल्या साहित्यात त्या सर्व्हरच्या माहितीची कूटबद्ध नसलेली प्रत होती. ज्यांचा त्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, अशा लोकांचे संदेशही त्यात गेले.

नोंद काढून टाकण्याचेही तसेच आहे. आपण ती काढली की आपला सर्व्हर इतर सर्व्हरांना ती काढण्याची विनंती पाठवतो. विनंती मानणे त्या त्या सर्व्हरवर अवलंबून असते. मॅस्टोडॉन.सोशल या सर्वांत मोठ्या सर्व्हरने जुलै २०२५ पासून आपल्या अटींत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी मजकूर खरवडून नेण्यास मनाई केली आहे, पण ज्या हजारो सर्व्हरांवर ती नोंद पोहोचते, त्यांना ही अट लागू होत नाही.

माझ्या कामात आणखी एक अडचण आहे आणि ती कोणत्याही माध्यमाच्या सेटिंगमध्ये सुटणारी नाही. वीरगळ बहुधा कोणाच्या तरी बांधावर किंवा देवळाच्या आवारात असतो, आणि तो दाखवायला आलेल्या आजी किंवा पुजारी छायाचित्रात येतात. त्यांची परवानगी मी घेतो. परंतु ते छायाचित्र कोठवर जाईल हे मला स्वतःलाच सांगता येत नसताना त्या परवानगीला कितपत अर्थ आहे, असे मनात येते. म्हणून आता चेहरे वगळूनच छायाचित्रे टाकतो. मूर्तिचोरीची भीती असल्याने नेमके ठिकाणही देत नाही, तालुक्यावर थांबतो, आणि फाइलमध्ये दडलेले अक्षांश-रेखांश आधीच पुसतो. मॅस्टोडॉनही चढवलेल्या छायाचित्रातून ही माहिती काढून टाकते, तरी ते काम दुसऱ्याच्या भरवशावर सोडणे मला योग्य वाटत नाही. कायद्याचा आधार येथे तोकडा आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये सांगितले, २०२३ मध्ये वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदाही आला, मात्र आपली जी माहिती आपण स्वतःहून सार्वजनिक केली, ती या कायद्याच्या कक्षेबाहेरच ठेवलेली आहे.

नाव न देता उचलण्याच्या प्रकारालाही मॅस्टोडॉनने आळा बसला नाही. माझे एक छायाचित्र एका स्थानिक मंडळाच्या दिनदर्शिकेत झळकले. कळवल्यावर 'नेटवर होते' एवढेच उत्तर आले. कायद्याने कर्त्याला आपले नाव लावून घेण्याचा विशेष हक्क आहे, पण तो बजावण्यासाठी न्यायालयात जाण्याइतका वेळ आणि पैसा कोणाकडे असतो? पिक्सेलफेड हे ॲक्टिव्हिटीपबच्याच जाळ्यातले छायाचित्रांचे माध्यम प्रत्येक छायाचित्राला परवाना निवडू देते. क्रिएटिव्ह कॉमन्सचा (इतरांना वापराची मुभा देणाऱ्या तयार परवान्यांपैकी), श्रेय द्यावयास लावणारा परवाना तेथे नोंदवून ठेवता येतो, त्यामुळे प्रामाणिक माणसाला निदान काय करायचे ते तरी कळते. छायाचित्रे मी हळूहळू तिकडे नेत आहे.

कोणाला हे माध्यम वापरून पाहायचे असेल, तर सर्व्हरची निवड नाव आवडले म्हणून करू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या डोमेनवर (.एएफ या शेवटाच्या पत्त्यावर) चालणारा क्विअर.एएफ हा सर्व्हर तालिबान सरकारने डोमेन काढून घेतल्यामुळे बंद पडला, म्हणून पत्त्याचा शेवटचा तुकडाही पाहावा. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येणाऱ्या सर्व्हरांना रोज माहितीची प्रत घेणे, चालकाव्यतिरिक्त आणखी एकाकडे आणीबाणीचा प्रवेश ठेवणे आणि बंद करण्याआधी तीन महिने सूचना देणे बंधनकारक असते. मी त्या यादीतलाच, वर्गणीवर चालणारा आणि जमाखर्च जाहीर करणारा एक मध्यम आकाराचा सर्व्हर निवडला. घरच्यांचे निरोप आणि कोणाचाही पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक असलेले बोलणे मी त्यावर करत नाही. त्यासाठी सिग्नल हे कूटबद्ध संदेशांचे ॲप आहे.